तीनदा खोडलेली ओळ

“हा प्रबंध आहे की माहेरी लिहिलेलं पत्र?”

पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं. खाली गाइडची सही. खोराटे सिस्टरांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं आणि शेऱ्यावर पंजा ठेवला, पण तोवर मी तो वाचला होता.

“दुसऱ्यांदा परत आलाय, मॅडम,” त्या म्हणाल्या. “तीस एप्रिल शेवटची तारीख. मागच्या वर्षी मुदत वाढवून घेतली होती, आता वाढत नाही. सर म्हणाले, माहिती चांगली आहे पण भाषा घरगुती. मोहित्यांच्या दुकानात मागच्या खोलीत एक बाई बसतात, त्यांच्याकडून साफ करून आणा.”

ती बाई मी. सन अठ्ठ्याण्णवची गोष्ट आहे. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर मोहित्यांचं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान होतं. पुढे दोन कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं मशीन, मागे कागदांच्या रिमांची खोली. त्या रिमांच्या मधोमध माझं टेबल. एम.ए. इंग्लिश करून मी प्रबंध लिहायला घेतला होता तो सोडून दिला, आणि इतरांचे साफ करायला लागले. ज्याला पोहता येत नाही त्यानं काठावर बसून कपडे सांभाळावेत, तसलं काम.

पण ते मला आवडायचं. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मला आवडणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. शास्त्रीय इंग्रजीत कुणी ‘मी’ म्हणत नाही. कुणाला वाईट वाटत नाही. ‘खूप’ नाही, ‘बिचारी’ नाही, उद्गारचिन्ह तर नाहीच. माणसं येतात ती आकड्यानं येतात आणि तक्त्यात जाऊन बसतात. मी लाल पेन घेऊन बसले की संध्याकाळपर्यंत मला काही म्हणजे काही होत नसे.

“विषय काय?” मी विचारलं.

“मेलेलं मूल जन्माला आलेल्या आया. त्यांचं पुढं काय होतं ते. घरात, शेजारात. चाळीस बायका आहेत.”

“नोकरी कुठं करता?”

“गोडबोले डॉक्टरांच्यात. प्रसूतीच्या वॉर्डात. अठरा वर्षं झाली.”

मी म्हटलं, “बरं.”

दोन वर्षांपूर्वी मी गोडबोल्यांच्यातच होते. नऊ महिने भरलेले. ऐन वेळी काहीतरी बिघडलं, भूल देऊन पोट फाडलं, आणि मी जागी झाले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मूल गेलेलंच निघालं, एवढं सांगितलं. श्रीरंग, म्हणजे माझा नवरा, आणि त्याचे काका जाऊन पुरून आले होते. मुलगा की मुलगी हे मला कुणी सांगितलं नाही. सासूबाईंचं म्हणणं, कळलं की नाव सुचतं, नाव सुचलं की जीव गुंततो. झालं गेलं गंगेला मिळालं. घरात सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. मी विचारलं असतं तर श्रीरंगनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. टाके दुखायचे तेवढे दुखू दिले, आणि ते बरे झाल्यावर दुखायला काही राहिलंच नाही.

यातलं सिस्टरांना मी काही बोलले नाही. त्यांनीही काही विचारलं नाही. मला त्या ओळखीच्या वाटल्या नाहीत. भूल दिलेल्या बाईला सिस्टर कशा आठवणार?

“पदवी मिळाली की काय करणार?” मी विचारलं.

“ट्रेनिंग सेंटरात शिकवायला जागा निघालीय. एम.फिल. पाहिजे.” त्यांनी साडीवरून गुडघा चोळला. “हे गुडघे आता रात्रपाळ्या करू देत नाहीत. चव्वेचाळीस झाली मला. ही जागा गेली तर वॉर्डातच म्हातारी होणार.”

“समाजशास्त्र मराठीत लिहिता येतं की.”

“आमचे सर मराठीतलं हातात धरत नाहीत.”

मग मी कामाला लागले.

सगळं इंग्रजीत होतं, आणि कसलं इंग्रजी! शब्द परके, पण बोलत होता सिस्टरांचा आजरा तालुका. इथे मी मराठीतच सांगते. लिहिलं होतं, ‘ही बाई फार गुणी, पण नवरा ऐदी. मला तिची फार दया आली.’ लिहिलं होतं, ‘मी तिच्या घरी गेले तेव्हा तिनं मला चहा दिला आणि कप तसाच हातात धरून रडली.’ मी दया काढली. चहा काढला. कप काढला. उरलं ते असं : ‘उत्तरदात्रीने भावनिक ताण व्यक्त केला.’ पानामागून पान लाल झालं. जिथं जिथं त्यांनी ‘बाळ’ लिहिलं होतं, ‘तान्हुली’ लिहिलं होतं, ‘गोरंपान पोर’ लिहिलं होतं, तिथं मी एकच शब्द घातला : अर्भक. एकदा हात बसला की मी वाचत नसे, नुसती दुरुस्त करत असे. हे कौशल्य आहे. त्याचा मला अभिमान होता.

तीन-चार दिवसांनी सिस्टर पहिला गठ्ठा न्यायला आल्या. ड्यूटी संपवून, दुपारी, पांढऱ्या साडीतच. प्रत्येक लाल रेघेपाशी बोट नेऊन विचारायच्या, “हे का काढलं?” मी सांगायची. त्या मान डोलवायच्या. गुणी विद्यार्थिनी.

“आता हे बघा,” मी म्हटलं. “चौथ्या प्रकरणात, ज्या तीन बायका मुलाखतीला मिळाल्या नाहीत त्यांच्याबद्दल. केस क्रमांक अकरा. तुम्ही लिहिलंय, ‘बाळाला वडिलांच्या हातात द्यायच्या आधी मी तिला ऊन पाण्यानं आंघोळ घातली. केस दाट होते, ते पुसले. डाव्या तळपायाला माझ्या डबीतलं काजळ घेऊन तीट लावली. असं मी दुसऱ्या कुठल्याच बाळाला केलं नाही.’”

“हो.”

“याचा संशोधनाशी संबंध काय?”

“झालं तसं लिहिलंय.”

“झालेलं सगळं लिहायचं नसतं. आणि मला एक सांगा, गेलेल्या लेकराला कुणाची दृष्ट लागणार होती?”

मी हे हसून म्हटलं. मला तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “खरं आहे तुमचं.” गठ्ठा घेऊन गेल्या.

दुसऱ्या वेळी सगळं स्वच्छ टाइप होऊन आलं. मी सुचवलेला शब्द न् शब्द पाळलेला. फक्त ती ओळ परत आली होती. या वेळी प्रकरणात नाही, तर तळटीपेत. अक्षर बारीक, पण तीच आंघोळ, तोच तळपाय. मी ती खोडली.

तिसऱ्या वेळी ती निष्कर्षाच्या प्रकरणात निघाली, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

“सिस्टर,” मी म्हटलं, “ही ओळ ढेकणासारखी आहे हो. एका फटीत मारली की दुसऱ्या फटीतून निघते.”

“एवढी राहू द्या, मॅडम. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं केलं.”

“मला काय, मी राहू देईन. तुमचे सर ठेवतील का? परत पेन्सिलीनं शेरा मारतील आणि तुमची जागा जाईल. एका ओळीसाठी?”

“तुम्ही वाचलीत ना नीट ती?”

“तीनदा वाचली. व्याकरण सोडलं तर त्यात काही नाही. दहाव्यानंतरची आणि बाराव्याआधीची एक केस. वय एकोणतीस, शिक्षण पदव्युत्तर, पहिलंच बाळंतपण, शस्त्रक्रिया. घरच्यांनी मुलाखत नाकारली. एवढं पुरे.”

हे मी तोंडानं घडाघडा म्हटलं. एकोणतीस, पदव्युत्तर. पुढच्या दुकानात मोहिते कुणाला तरी बाइंडिंगचे रंग दाखवत होते, ते मला ऐकू येत होतं. एकोणतिशीच्या पदव्युत्तर बायका या गावात काय कमी आहेत? मी रेघ मारली आणि पान उलटलं.

सव्वीस तारखेला प्रबंध पूर्ण छापून तयार झाला. पाच प्रती. सिस्टर दुपारी तीन वाजता आल्या. मोहिते त्यांना म्हणाले, “पेढे पायजेत हं, सिस्टर. मॅडमनी तुमच्यासाठी लाल शाईची आख्खी बाटली संपवलीय.” सिस्टर हसल्या नाहीत. आत माझ्याकडे आल्या आणि स्टुलावर बसल्या.

“शेवटचं बघून घ्या,” मी म्हटलं. “ऋणनिर्देश तेवढा राहिलाय. त्याला मी हात लावत नाही. तिथं ‘मी’ चालतं, रडलेलंही चालतं. गाइडच्या बायकोपर्यंत सगळ्यांचे आभार माना, तुमचं तुम्ही लिहून द्या, मोहिते टाइप करतील.”

“बाइंडिंगला टाकायच्या आधी एक बोलू?”

“बोला.”

“अकरा नंबरच्या बाईंना भेटायला मी दोनदा गेले होते. मुलाखतीला. बाळंतपणाला सहा महिने झाल्यावर एकदा आणि मग वर्षानं. दोन्ही वेळा सासूबाईंनी दारातनंच परत पाठवलं. म्हणाल्या, ती आता नीट आहे, तिला काही आठवण करून देऊ नका.”

“ते आलंय की चौथ्या प्रकरणात. ‘कुटुंबाकडून नकार.’”

“दाराशी सोनटक्का होता. फुलं आली होती. आणि पाटीवर नाव, श्रीधर नारायण सबनीस.”

सोनटक्का आमच्या दाराशी होता. श्रीधर नारायण माझे सासरे. ते वारल्यावरही पाटी कुणी काढली नव्हती.

मी पेनाचं टोपण लावलं. ते आधीच लावलेलं होतं. मला आठवतंय, मी ते काढून परत लावलं.

“दुकानात पहिल्या दिवशी आलात तेव्हा माहीत होतं?” मी विचारलं.

“सरांनी नाव सांगितलं तेव्हाच माहीत होतं. वैजयंती सबनीस. दाखल होताना मी तुमची वही भरली होती, मॅडम. ऑपरेशनच्या आधी तुम्ही माझा हात धरला होता. तुम्हाला आठवत नाही.”

“मग सांगायचं होतं की.”

“सांगायला बंदी होती. डॉक्टरांनी तुमच्या घरच्यांना शब्द दिला होता, वॉर्डातल्या कुणी तोंड उघडायचं नाही. नोकरी त्यांच्यात. पण लिहायला कुणी बंदी केली नव्हती. म्हटलं, त्या वाचतील. त्यांच्या हातात पान गेलं की त्यांना कळेल, विचारावंसं वाटलं तर विचारतील. तुम्ही तीनदा वाचलंत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि नको आहे. म्हणून मी गप्प बसणार होते. पण मग तुम्ही ढेकूण म्हणालात. कळलं असतं तर तुम्ही असं म्हणाला नसता.”

मी उठले. नवा टाइप झाला की लाल केलेले कच्चे खर्डे सगळ्यांकडून परत घेऊन मी कपाटात ठेवत असे. महिना झाला की मोहिते त्यांच्या कोऱ्या बाजूवर छापाईची चाचणी घ्यायचे. सिस्टरांचा पहिला खर्डा मी ओढून काढला आणि चौथं प्रकरण उघडलं. ओळ होती. तिच्यावर माझी रेघ होती, पट्टी लावल्यासारखी सरळ. आणि तिच्या वरच्या ओळीत, सिस्टरांच्या टाइपात, ‘मुलगी’. तो शब्द मी खोडून माझ्या हातानं वर ‘अर्भक’ लिहिलं होतं. ओळीतसुद्धा ‘तिला’ होतं. ते वाचून दाखवलं होतं मीच, माझ्याच तोंडानं, त्या दिवशी. आणि वर हसले होते.

दोन वर्षं ज्या गोष्टीशिवाय मी जगत होते ती तीन आठवडे माझ्या टेबलावर होती, आणि मी ती साफ केली होती.

“मुलगी होती,” मी म्हटलं.

“हो.”

“केस दाट.”

“फार. आंघोळ घालताना कुरळे झाले. सुकल्यावर सरळ.”

“आणि तीट का लावलीत? खरं सांगा.”

“इतकी देखणी होती,” सिस्टर म्हणाल्या. “हात आपोआप गेला. गालाला लावली असती तर लोक काय म्हणाले असते, म्हणून तळपायाला.”

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. मी तिथं उभी होते आणि पायांत मुंग्या याव्यात तशा सगळ्या अंगात येत होत्या, एवढंच. फार दिवस दबून बसलेल्या पायात रक्त शिरायला लागलं की आधी मुंग्याच येतात, दुखतं मागाहून, तसं काहीतरी.

“ऋणनिर्देश लिहिलाय?” मी विचारलं.

त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. सर, सरांच्या पत्नी, डॉक्टर, ग्रंथपाल, थोरला भाऊ. मी तो घेऊन पुढे गेले, मोहित्यांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः टाइप करायला बसले. थोरल्या भावाच्या खाली जागा सोडली आणि म्हटलं, “सिस्टर, ती ओळ सांगा. पहिल्या खर्ड्यात होती तशीच.”

“त्यात चुका आहेत, मॅडम. तुम्हीच म्हणाला होता, पाच आहेत.”

“सांगा.”

त्यांनी सांगितली. मी टाइप केली. पाचही चुका ठेवल्या. ‘ऊन पाणी’ला त्यांनी जो शब्द वापरला होता तो इंग्रजीत त्या अर्थानं कुणी वापरत नाही, तोही ठेवला. मोहिते मागून वाचत होते. म्हणाले, “मॅडम, इथं एक…” आणि मग माझ्याकडे बघून गप्प बसले.

प्रबंध तीस तारखेच्या आत गेला. सिस्टरांना पदवी मिळाली, जागाही मिळाली. तोंडी परीक्षेत त्या पानाबद्दल कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? ऋणनिर्देशात प्रत्येक जण आपलं नाव आलंय का तेवढं बघतो.

ऋणनिर्देश टाइप केला त्या दिवशी मी साडेसहाला घरी पोचले. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. श्रीरंग बाहेरच्या खोलीत शर्टाला बटण लावत बसला होता. आम्ही कॉलेजात एका वर्गातले, त्यामुळे अरे-तुरे. सासूबाईंना ते कधी रुचलं नाही. मी चपला काढल्या आणि त्याच्या समोर बसले.

“मुलगी होती,” मी म्हटलं.

त्याची सुई थांबली. “कुणी सांगितलं?”

“दवाखान्यातल्या सिस्टरांनी.”

“आईनं मला शपथ घातली होती, वैजू. म्हणाली, तुला सोसणार नाही. तू कधी विचारलं नाहीस.”

“नाही विचारलं.”

“मी वाट बघायचो. तू विचारशील म्हणून.”

“केस होते म्हणे.”

“खूप. काकासुद्धा म्हणाले.” त्यानं शर्ट बाजूला ठेवला नाही. तसाच धरून बसला. “फडकं पांढरं होतं. त्यांनी फार नीट गुंडाळून दिली होती. मी वाटभर मांडीवर घेतली होती. काका म्हणाले, खाली ठेव. मी ठेवली नाही.”

हे सगळं त्याच्याजवळ होतं. दोन वर्षं, त्याच घरात, त्याच पलंगावर. मला त्याचा राग आला, आणि तो राग आला याचं मला फार बरं वाटलं.

“सिस्टरांनी तिला आंघोळ घातली होती,” मी म्हटलं. “आणि डाव्या तळपायाला तीट लावली होती. काजळाची.”

श्रीरंगनं मान वर केली.

“ती तीट होती?”

“हो. का?”

“वाटेत पाय बाहेर आला होता फडक्यातून,” तो म्हणाला. “काळा ठिपका दिसला. मला वाटलं, जन्मलेल्या मुलाच्या पायाचे ठसे घेतात ना, त्याची शाई लागली असेल. म्हटलं, अशी डागाची मातीला कशी द्यायची. पाण्याची बाटली होती. रुमाल ओला केला आणि पुसला. निघत नव्हता. बराच वेळ घासला मी, निघेपर्यंत.”

त्याच्या हातातल्या शर्टाला दोरा लोंबत होता.

“मीही,” मी म्हटलं.

“तू काय?”

मी त्याच्या हातातून सुई काढून घेतली, दोऱ्याच्या रिळात खोचून ठेवली, आणि खोराटे सिस्टर पहिल्या दिवशी ते पेन्सिलीच्या शेऱ्याचं पान घेऊन आल्या तिथपासून त्याला सांगायला लागले.